जावक बारनिशीत न लिहिलेलं

१९७८च्या जूनमध्ये मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजन्सीत टंकलेखिका म्हणून रुजू झाले. गिरगावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून चाळीसचा स्पीड घेऊन गेले होते, पण हेडक्लार्कांनी पहिला आठवडाभर मशीनला हात लावू दिला नाही. त्यांनी माझ्यापुढे जावक बारनिशी ठेवली. लाल कापडी पुठ्ठ्याचं, मांडीवर मावणार नाही एवढं रुंद रजिस्टर. जावक क्रमांक, तारीख, कुणाला, विषय, तिकीट किती पैशांचं. तार असेल तर शब्द किती. "पोरी, कचेरीतून जे जे बाहेर जातं ते इथं लिहायचं. इथं नोंद नाही ते गेलंच नाही असं समजायचं," ते म्हणाले.

छत्तीस वर्षं मी ते वाक्य खरं मानून काम केलं. निवृत्तीनंतर ऐरोलीला राहायला आले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून बसने जाता-येता रबाळे, महापे भागात बिनखिडक्यांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहताना पाहिल्या. त्यातल्या कित्येक डेटा सेंटर आहेत, हे मला माझ्या भाचीने सांगितलं. ती एका निर्यात कंपनीत आहे आणि कचेरीची बरीचशी पत्रं एआयकडून लिहून घेते. तिच्या शेजारी बसून ते काम पाहताना मला ती लाल बारनिशी आठवली. त्यात एक रकाना पहिल्यापासून कमी होता. पत्रामागे कुठलं जंगल, कुणाचं पाणी, किती कोळसा गेला, याची नोंद आम्ही कधीच केली नाही. आमच्या आधीच्यांनीही नाही.

तारेपासूनच सुरुवात करते. आमच्या काळात तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, पत्त्याचे शब्दसुद्धा मोजले जायचे. म्हणून प्रत्येक कंपनी आपला तारेचा पत्ता एका शब्दात नोंदवून ठेवायची. साहेब सात-आठ ओळी डिक्टेट करायचे आणि मी त्याचे सात शब्द करायचे. 'बर्थ नॉट अव्हेलेबल बिफोर फ्रायडे ॲडव्हाइज ईटीए.' म्हणजे शुक्रवारच्या आधी धक्क्याला लागायला जागा नाही, कधी पोहोचणार ते कळवा. बस. जहाजाच्या कप्तानाला तेवढं पुरायचं. एका कपाटात बेंटलीची जुनी कोडबुकं पडलेली होती. त्यात पाच अक्षरांचा एकेक निरर्थक शब्द एका संपूर्ण वाक्याच्या जागी योजलेला असे, आणि असे दोन शब्द जोडले की दहा अक्षरांचा एकच शब्द म्हणून आकार पडे. आमच्या वेळी ती पुस्तकं वापरात नव्हती, पण टेलेक्सवर बसणारे सिनिअर ऑपरेटर मला ती उघडून दाखवायचे. भाड्याचा दर, विम्याची अट, मालाची खराबी, सगळं पाच-पाच अक्षरांत. व्यापारी माणसाला शब्दाची किंमत पक्की ठाऊक होती, हे त्या पानांवरून कळायचं.

पण ती किंमत लंडन-मुंबईच्या दरपत्रकातली. १८७०मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या महाकाय जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्राखालची तार टाकली आणि लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईला काही तासांत कळू लागला. त्या तारेतलं तांबं खाऱ्या पाण्यापासून वाचवायला गटापर्चा नावाचा चीक लागत असे. मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलातल्या एका उंच झाडाचा हा चीक. रबरासारखी खाच पाडून तो नीट वाहत नसे, म्हणून झाडच आडवं करत. एका पूर्ण वाढलेल्या झाडातून हाती लागायचा काही शे ग्रॅम. जगभरच्या समुद्रांत जेव्हा हजारो मैल तारा पसरल्या, तेव्हा किती झाडं पडली असतील याचा अंदाज यावरून करावा. एकोणिसावं शतक संपेतो माणूस सहज पोहोचेल अशा जंगलांतून ही मोठी झाडं दिसेनाशी झाली होती. फ्लोरा फाउंटनच्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात तारेचा फॉर्म देताना यातलं काहीच माझ्या मनात नसे. १४ जुलै २०१३च्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा मला वाईट वाटलं, तेही फक्त तारेसाठी.

कागदाबद्दल मात्र थोडं कळत होतं, कारण तो डोळ्यांसमोर संपायचा. एका पत्राला मूळ प्रत, स्थळप्रत, साहेबांच्या फायलीची प्रत आणि बहुतेक वेळा पोर्ट ट्रस्टसाठी चौथी. मध्ये कार्बन. एक अक्षर चुकलं की चारही कागदांवर खाडाखोड, आणि साहेबांना खाडाखोड चालत नसे, म्हणून चारही कागद टोपलीत. संध्याकाळी शिपाई टोपल्या गोळा करून पोत्यात दाबायचा, महिन्याला रद्दीवाला यायचा. मशीनला मात्र विजेचा एक वॅटही लागत नसे, सगळी ताकद आमच्या बोटांची. ते गोदरेजचं होतं. भारतात बनलेला पहिला टाइपरायटर गोदरेजने १९५५ साली काढला आणि २००९पर्यंत ती मशीनं बनत होती. माझं मशीन मी येण्याआधीपासून होतं आणि मी गेल्यावर कदाचित भंगारात गेलं असेल, पण मधल्या काळात त्याच्या फक्त रिबिनी बदलल्या.

कागदाच्या रिमावर पुष्कळदा बल्लारपूरचं नाव असायचं. ती गिरणी १९४५ची, चंद्रपूर जिल्ह्यातली. कागदासाठी तिथे जायचा तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू. आपल्याकडे कागदाची याहून जुनी चाल होती. पुण्यात कसब्यातला कागदीपुरा, तिकडे जुन्नर, दौलताबादेजवळचं कागजीपुरा इथे चिंध्या, जुनी गोणपाटं कुटून कागद व्हायचा आणि पेशव्यांचं दप्तर त्या जातीच्या हातकागदावर लिहिलेलं आहे. त्यासाठी उभं जंगल तोडावं लागत नव्हतं. गिरणीच्या कागदाने ती चाल मोडली आणि भार बांबूवर आला. सरकारने बांबू गिरण्यांना लीजवर दिला, आणि टोपल्या-सुपं विणून पोट भरणाऱ्या बुरुडांना तोच बांबू महाग आणि दुर्मीळ झाला. माधव गाडगीळांनी सत्तरच्या दशकात कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला तेव्हा त्यांना हेच दिसलं: गिरणीला टनाला अगदी किरकोळ रकमेत बांबू, आणि बुरुडाला बाजारभावाने. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने गिरणीच्या बांबूतोडीविरुद्ध वर्षानुवर्षं झगडून अखेर २०११मध्ये आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क मिळवला. मी त्या गावाबद्दल वाचलं तेव्हा निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. टोपलीत फेकलेल्या त्या चार-चार कागदांची मला तेव्हा मनापासून लाज वाटली.

आता विजेकडे येते, आणि इथे मला थोडं सावकाश जाऊ द्या, कारण हे माझ्या घरचं आहे.

माझी आजी, आईची आई, मुळशी खोऱ्यातली. तिचं गाव आज धरणाच्या पाण्याखाली आहे. टाटांचं पहिलं जलविद्युत केंद्र खोपोलीला १९१५मध्ये सुरू झालं. लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधून अडवलेलं पाणी घाटाखाली सोडायचं आणि वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना. ती चालली, म्हणून पुढची आली, नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ मुळशीला धरण बांधण्याची. धरणाच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद आजही चांगला वाटेल असाच होता. मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा वाचेल, धुराडी कमी होतील, शहराची हवा सुधारेल. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण फायदा तोच सांगितला जात होता, आणि तो खोटा नव्हता. पाण्यावरची वीज कोळशाहून स्वच्छ होतीच.

१६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी काम अडवून सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापट याच लढ्यात सेनापती बापट झाले, विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा इतिहास लिहिताना त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. आजी तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला भाषणं आठवत नव्हती. बायका चरात उतरून बसल्या होत्या आणि तिची आई घरी आलीच नाही, ती रात्र आठवत होती. शेतात आंबेमोहर व्हायचा. भाताचा वास शेजारच्या गावात जायचा, असं ती सांगायची. जमीन सावकाराकडे गहाण होती, मोबदला आला तो त्याच्याकडे गेला. लढा हरला, धरण झालं, आणि १९२७मध्ये भिऱ्याच्या केंद्रातून वीज मुंबईकडे निघाली.

पणजोबा मग पोराबाळांना घेऊन लालबागला आले आणि गिरणीत लागले. गिरणी त्याच विजेवर चालायची. आजीने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती नुसतं सांगत होती. तक्रार माझी आहे. मुंबईच्या प्रत्येक हिशेबात वाचलेला कोळसा मांडलेला आहे. आंबेमोहराची खाचरं कुठल्याच रकान्यात नाहीत.

मुंबईच्या कचेऱ्यांचे पंखे, दिवे आणि पुढे संगणक याच विजेवर आणि ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रातल्या कोळशावर चालले. आमच्याकडे नव्वदच्या सुमाराला संगणक आला तेव्हा एसी आधी त्याला लागला, आम्हाला नंतर. फॅक्स आला. त्याचा चकचकीत कागद सहा महिन्यांत पुसट व्हायचा, म्हणून आलेल्या प्रत्येक फॅक्सची झेरॉक्स काढून फायलीला लावावी लागे. मग ई-मेल आला आणि कागद संपणार असं सगळे म्हणाले. आमच्याकडे साहेब मेल छापून वाचायचे. हे आमच्याच कचेरीत होत होतं असं नाही; ॲबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर यांनी कागदविरहित कचेरीच्या कल्पनेवर लिहिलेल्या पुस्तकात नोंदवलंय की ई-मेल आल्यावर कचेऱ्यांतला कागदाचा वापर सरासरी ४० टक्क्यांनी वाढला. आणखी एक गोष्ट मला स्वतःला दिसत होती. १९७८मध्ये आमच्या बारनिशीत दिवसाला तीस-चाळीस जावक नोंदी व्हायच्या. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या एकटीच्या मेलबॉक्समधून रोज तेवढे मेल जायचे, आणि जहाजं काही तितक्या पटीने वाढली नव्हती.

भाचीकडे परत येते. तिला युरोपातल्या एका गिऱ्हाइकाला कळवायचं होतं की मालाचा कंटेनर चार दिवस उशिरा चढेल. तिने एआयला एक ओळ लिहिली. दहा सेकंदांत पत्र तयार: आदरपूर्वक सुरुवात, दिलगिरीचे दोन परिच्छेद, संबंध दृढ राहोत अशी इच्छा, शेवट. दोनशेहून जास्त शब्द. "आत्या, बघ किती छान लिहिलंय," ती म्हणाली. छान होतंच, इंग्रजीत एक चूक नव्हती. मी विचारलं, तो माणूस एवढं वाचेल का? ती म्हणाली, "नाही गं, त्याच्याकडेही एआय आहे, तो सारांश काढून देतो." तिकडे त्या माणसाच्या हाती जे पडणार होतं ते माझ्या तारेचे सात शब्द होते. मधले दोनशे शब्द एका यंत्राने लिहिले आणि दुसऱ्याने गाळले.

त्या दोनशे शब्दांना काय लागलं? यावर छापून आलेले आकडे मी जमवले आहेत. २०२४मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने कॅलिफोर्नियातल्या संशोधकांच्या मदतीने हिशेब मांडला: त्या वेळच्या जीपीटी-४कडून शंभर शब्दांचा एक ई-मेल लिहून घ्यायला सुमारे ५१९ मिलिलिटर पाणी आणि ०.१४ युनिट वीज. २०२५च्या ऑगस्टमध्ये गूगलने आपल्या जेमिनीचा आकडा जाहीर केला: एका सर्वसाधारण प्रश्नोत्तराला ०.२४ वॅट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी, म्हणजे पाच थेंब. एक बाटली की पाच थेंब? दोन हजार पटींचा फरक आहे. यंत्रं सुधारली हे एक कारण. दुसरं असं की पहिल्या हिशेबात वीज तयार करायला लागणारं पाणीही धरलं होतं, दुसऱ्यात ते नाही. कुठला रकाना धरायचा हे इथेही लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

फायदा आहे, तो मी नाकारणार नाही. ८० जीएसएमच्या ए-फोर कागदाचं वजन पाच ग्रॅम, आणि एक किलो कागद बनवताना साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका पानामागे पाच ग्रॅम. गूगलचा विजेचा आकडा खरा धरला आणि आपल्याकडच्या, मुख्यतः कोळशावरच्या विजेच्या सरासरी कार्बनने गुणला, तरी एआयचं एक उत्तर ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहतं. माझ्या टोपलीतले चार कागद भाचीच्या शंभराहून जास्त उत्तरांना भारी पडतात. टोपली माझी होती, तेव्हा हे मला मान्य करायलाच हवं.

त्याहून मोठा फायदा माझ्या जुन्या धंद्यातच आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई बंदरात बर्थ नसला की जहाजं बाहेर नांगर टाकून दिवस-दिवस उभी असायची. तिथवर मात्र ती पूर्ण वेगाने, टनांनी तेल जाळत आलेली असायची, कारण आधी पोहोचेल त्याचा नंबर आधी. बर्थ कधी मिळेल हे कप्तानाला वेळेवर आणि खात्रीने कळवता आलं असतं, तर तो सावकाश आला असता. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या प्रकल्पातून २०२२मध्ये झालेल्या अभ्यासात कंटेनर जहाजांसाठी हाच हिशेब केला गेला. वेळेवर पोहोचेल असा वेग ठेवला तर एका फेरीत सरासरी सुमारे १४ टक्के इंधन वाचू शकतं. बंदर, एजंट, जहाज यांच्यातले शेकडो संदेश चाळून बर्थची वेळ अचूक सांगणं हे एआयने करण्यासारखं काम आहे. असा एक संदेश कित्येक टन तेल वाचवतो. त्याच्यापुढे पाच थेंब काय आणि एक बाटली काय, खर्च करावा.

म्हणून पत्र एआयने लिहिलं की माणसाने, यावर माझा राग-लोभ नाही. पत्राने काय केलं, ते मी विचारते. बर्थच्या संदेशाने तेल वाचवलं. दिलगिरीच्या दोन परिच्छेदांनी काहीच वाचवलं नाही, आणि अशी पत्रं जगात रोज किती जात असतील. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३०पर्यंत ती ९४५ अब्जांच्या आसपास जाईल असा त्यांचा अंदाज आहे आणि या वाढीचं मोठं कारण एआय आहे.

देशातल्या डेटा सेंटरांची सर्वांत मोठी दाटी मुंबई-नवी मुंबईत आहे, कारण समुद्राखालच्या तारा इथे वर्सोव्यासारख्या किनाऱ्यांवर येतात. १८७०मध्येही तार इथेच आली होती. ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या एमआयडीसीला पाणी येतं ते बदलापूरजवळच्या बारवी धरणातून. त्या धरणाची उंची वाढवताना काठच्या पाड्यांना उठावं लागलं आहे. डहाणू आणि ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतोच आहे. ट्रॉम्बेच्या बाजूला माहुलला राहणारी माणसं त्या पत्रांतलं एकही पत्र लिहीत नाहीत आणि वाचतही नाहीत.

भाचीला मी एक सवय लावली आहे. एआयला सांगताना ती आता आधीच लिहिते, 'साठ शब्दांच्या आत'. तिच्या साहेबांनी ते पाहिलं आणि आख्ख्या खात्याला तसं करायला सांगितलं. गिऱ्हाइकांनी तक्रार केलेली नाही. तुम्ही कचेरीत बसत असाल तर हे उद्यापासून करता येईल.

पण मोठी गोष्ट आपल्या एकट्याच्या हातातली नाही. युरोपीय संघाने ५०० किलोवॅट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरांना आपली वीज आणि पाणी दरवर्षी कळवणं २०२४पासून बंधनकारक केलं आहे. महाराष्ट्रात जगभरच्या कंपन्या जागा घेत आहेत, सरकार त्यांना सवलती देत आहे. मग ही अट आपण का घालू नये? प्रत्येक इमारतीने वर्षाला किती वीज घेतली, ती कोळशाची की उन्हाची, किती पाणी घेतलं आणि ते कुठल्या धरणाचं, एवढं मराठीत, लोकांना वाचता येईल असं जाहीर व्हावं. ऐरोली, रबाळे, महाप्यात राहणाऱ्यांनी आपल्या नगरसेवकाला आणि एमआयडीसीला हे लेखी विचारावं. पत्र चार ओळींचं पुरे. जावक क्रमांक टाका, स्थळप्रत ठेवा, आणि उत्तर आलं नाही तर महिन्याभराने स्मरणपत्र पाठवा. मी माझं पाठवलं आहे.